महाबळेश्वर-पाचगणीला शेतात जाऊन स्वतः स्ट्रॉबेरी तोडायची आहे: कधी जावं, काय बघावं, घरी कशी आणावी?

कोथरूडकर

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पाचगणीला दोन रात्री मुक्काम आहे. सोबत आई-बाबा (दोघंही सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात) आणि सहा व नऊ वर्षांची मुलं. मुलांना झाडावरून स्वतः फळ तोडायचंय. रस्त्यावर "स्वतः तोडा" असे बोर्ड खूप असतात असं ऐकलंय, पण त्यातलं नेमकं कसं निवडायचं ते कळत नाही.

प्रश्न असे: जानेवारी योग्य आहे का? सकाळी किती वाजता जावं? फळ तोडायची काही पद्धत असते का, की ओढलं तरी चालतं? आणि तीन-चार किलो पुण्याला न्यायची असतील तर ती पाणी न सुटता कशी पोचवायची? वाईपर्यंत येता येताच डब्याच्या तळाशी लगदा झालेला असतो, अशी तक्रार बऱ्याच जणांकडून ऐकली आहे.

गादीवाफा

जानेवारी उत्तम. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की लागवड होते, नोव्हेंबरअखेर पहिली फळं येतात, जानेवारी ते मार्च भर असतो आणि एप्रिलअखेर, फार तर मेच्या सुरुवातीला शेतं रिकामी होतात. पावसाळ्यात झाडावर काही नसतं. जूनमध्ये येऊन शेत शोधणारे पर्यटक दरवर्षी भेटतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

शेत कोणतंही निवडा, आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून एक प्रश्न नक्की विचारा: शेवटचा तोडा कधी झाला? शेतकरी बाजारासाठी दर दोन-तीन दिवसांनी भल्या पहाटे पिकलेली फळं काढून घेतात. त्याच सकाळी तोडा झालेला असेल तर तुम्हाला वाफ्यावर पांढरी-गुलाबी फळंच दिसतील, मुलं हिरमुसतील आणि मग हाताला लागेल ते अर्धं कच्चं फळ तोडलं जाईल. तोड्याला दोन दिवस झालेत, किंवा पाहुण्यांसाठी चार ओळी राखून ठेवल्यात असं उत्तर आलं तर तिथेच जा. बोर्ड किती मोठा आहे, फोटो काढायला काय काय उभं केलंय, यापेक्षा हे उत्तर मोलाचं आहे.

कारण साधं आहे. स्ट्रॉबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही. देठ तुटला की झाडाकडून येणारी साखर थांबते. घरी ठेवल्यावर रंग थोडा गडद होतो, फळ मऊ पडतं, त्यामुळे पिकल्यासारखं वाटतं, पण गोडी होती तेवढीच राहते. म्हणून तोडतानाच पूर्ण लाल फळ घ्यायचं.

पूर्ण लाल म्हणजे कुठे बघायचं? टोकाकडे बघू नका, ते आधी रंगतं. उन्हाकडची बाजूही आधी रंगते. फळ न तोडता हलकेच उलटं करा, खालची बाजू बघा आणि मग देठाजवळच्या हिरव्या पानांच्या खालचा खांदा बघा. तिथे पांढरा पट्टा रुंद असेल तर आज सोडा, दोन दिवसांनी दुसऱ्या कुणाला ते चांगलं मिळेल. वासावरही कळतं. पिकलेल्या फळाजवळ नाक नेलं की लगेच गोड वास येतो, कच्च्याला फक्त पानांचा हिरवट वास असतो.

जातीप्रमाणे हा अंदाज थोडा बदलतो. स्वीट चार्ली नारिंगीकडे झुकणाऱ्या लाल रंगावरच गोड लागते, ती काळपट होईपर्यंत थांबलात तर मऊ पडते. कामारोझा मात्र वरून तजेलदार लाल दिसली तरी आंबट असू शकते, ती आतपर्यंत गडद झाल्यावरच खरी. विंटर डॉन हंगामात लवकर सुरू होते आणि तिचा खांदा बऱ्याचदा फिकट राहतो, त्यामुळे तिथे वासावर जास्त विश्वास ठेवा. हल्ली नाभिलाही खूप ठिकाणी आहे. शेतात शिरताना "कोणती जात आहे?" हे विचारलंत तर शेतकरी स्वतःहून चार गोष्टी जास्त सांगतो.

आता तोडायची पद्धत. फळ धरून ओढायचं नाही, अजिबात नाही. दोन गोष्टी बिघडतात. एक, बोटांच्या दाबाने फळावर डाग पडतो, तो लगेच दिसत नाही, संध्याकाळी तिथे काळपट ओलसर ठिपका होतो. दुसरं जास्त वाईट: या झाडाची मुळं उथळ असतात आणि झाड मेपर्यंत फळ देणार असतं. झटका बसला की गड्डा (मुळं आणि पानं जिथे जुळतात तो बुडखा) हलतो, कोवळे घोस आणि फुलं तुटतात. देठ फळाच्या वर साधारण एक सेंटीमीटरवर अंगठ्याचं नख आणि तर्जनी यांत धरा, नखाने दाबून किंचित पिळा, फळ तळहातात अलगद पडू द्या. हिरवी पानं आणि छोटा देठ फळाला राहिलाच पाहिजे. ती टोपी निघाली तर तिथून रस सुटतो आणि बुरशी आत शिरते. एका हातात तीन-चारच्या वर फळं धरू नका. सहा वर्षांच्या मुलाला आधी एक-दोन फळं स्वतः तोडून दाखवा. त्याचं नख कमी पडत असेल तर शेतकऱ्याकडून छोटी कात्री मागून घ्या.

वेळ: साडेआठ ते साडेदहा. त्याआधी पानांवर दव असतं. ओलं फळ डब्यात गेलं की कुजतं, आणि ओल्या पानांमधून माणसं फिरली की बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर जाते, त्यामुळे बरेच शेतकरी पाहुण्यांना दव सुकेपर्यंत आत सोडतच नाहीत. अकरानंतर फळ उन्हाने तापतं. तापलेलं फळ तोडतानाच मऊ लागतं आणि तेच प्रवासात पाणी सोडतं.

चालायचं ते सरीतून. वाफ्यावर अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावर (मल्चिंग पेपरवर) पाय देऊ नका. खाली ठिबकची नळी असते, ती दबली किंवा फाटली की पुढच्या सगळ्या रोपांचं पाणी तुटतं. साध्या बुटांवर जा. लाल जांभ्याची माती आहे, पांढरे मोजे त्या मातीने रंगले की धुऊन निघत नाहीत.

वाईची_वाट

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी रस्त्याबद्दल आणि आई-बाबांबद्दल लिहितो.

पुण्याहून सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट, पाचगणी हा नेहमीचा मार्ग. २६ जानेवारीला जोडून सुट्टी येत असेल तर शनिवारी सकाळी नऊनंतर पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते, रविवारी दुपारी उतरतानाही तेच. तुमचा मुक्काम पाचगणीतच आहे, त्यामुळे शेताची भेट मधल्या सकाळी ठेवा, येताना किंवा जाताना नको. रविवारी अकरापर्यंत रस्त्याकडेच्या शेतांतली पिकलेली फळं संपलेली असतात. आठवड्यातला मधला वार मिळाला तर सोनंच.

कुठे: पाचगणीजवळ खिंगर, राजपुरी. महाबळेश्वरच्या रस्त्याला भोसे, गुरेघर, अवकाळी, मेटगुताड. मुख्य रस्त्यापासून आत भिलार आहे, जे २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणूनही ओळखलं जातं. तिथे घराघरांत वाचायला पुस्तकं मांडलेली आहेत. आजी-आजोबांना वाफ्यात उतरायचं नसेल तर मुलं शेतात आणि ते पुस्तकांत, अशी छान विभागणी होते. माझं मत विचाराल तर मुख्य रस्त्यावरच्या शेतापेक्षा आतल्या गावातलं शेत केव्हाही बरं. गर्दी कमी, धूळ कमी, आणि बोलायला शेतकरी स्वतः हजर असतो.

आईंच्या गुडघ्यांबद्दल: गादीवाफा जमिनीपासून फूटभर उंच असतो, म्हणजे तोडायला पूर्ण वाकावं किंवा उकिडवं बसावं लागतं. त्या खाली बसून उठू शकत नसतील तर आग्रह करू नका. काही ठिकाणी पॉलिहाऊसमध्ये कमरेच्या उंचीवर कुंड्या किंवा पन्हळी लावून लागवड केलेली असते, तिथे उभ्याने तोडता येतं. फोनवर तेही विचारून ठेवा. शेत उतारावर आहे का, गाडीपासून किती चालायचं आणि स्वच्छतागृह आहे का, हे तीन प्रश्न वयस्कर माणसं सोबत असताना विसरू नयेत. बऱ्याच शेतांत स्वच्छतागृह नसतं.

सकाळी थंडी चांगलीच असते. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला काही पहाटे दव गोठून पानांवर पांढरा थर दिसतो. मुलांना स्वेटर घाला, पण बाह्या वर करता येतील असा.

आणि माकडं. पॉइंटवर उतरताना हातात किंवा गाडीच्या उघड्या काचेशी स्ट्रॉबेरीचा डबा दिसला की ती झडप घालतात. डबा पिशवीत, काचा बंद.

कोथरूडकर

खूप धन्यवाद, दोघांनाही. तोड्याचा प्रश्न कधी सुचलाच नसता.

अजून दोन शंका. एका ठिकाणी माणशी प्रवेश शुल्क आहे आणि आत हवं तेवढं खा म्हणतात, नेण्याचे पैसे वेगळे. दुसऱ्या ठिकाणी प्रवेश नाही, फक्त किलोचा दर. कोणतं बरं? आणि झाडावरून तोडून थेट तोंडात टाकलेलं चालतं का? फवारणीची धास्ती वाटते.

बांधावरून

फवारणीचं आधी, कारण ते जास्त महत्त्वाचं.

स्ट्रॉबेरीला साल नाही, पृष्ठभाग खडबडीत आहे आणि फळ जमिनीलगत लागतं. या पिकावर भुरी, करड्या बुरशीने होणारी फळकूज, फुलकिडे आणि लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) येतात, त्यामुळे फवारणी होतेच. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची ते लिहिलेलं असतं. चांगला शेतकरी ते पाळतो आणि ज्या ओळी त्या मुदतीत आहेत तिथे पाहुण्यांना नेत नाही. तुम्ही सरळ विचारा: या ओळींवर शेवटची फवारणी कधी झाली, कशाची झाली? उत्तर मोकळेपणाने आलं तर निश्चिंत व्हा. टाळाटाळ झाली तर फक्त तोडा, घरी धुऊन खा. सेंद्रिय म्हणून सांगितलं तरी प्रश्न तोच विचारायचा, सेंद्रिय पद्धतीतही गंधकासारख्या फवारण्या असतात.

थेट तोंडात टाकू नये असंच मी म्हणेन, मुलांनी तर नाहीच. सोबत प्यायच्या पाण्याची दोन लिटरची बाटली आणि एक छोटी चाळणी न्या. खायची फळं वेगळी काढा, टोपीसकट पाण्याखाली अर्धा मिनिट हलवा, मग टोपी काढून खा. टोपी आधी काढली तर पाणी फळात शिरतं आणि चव पांचट होते. न्यायची फळं मात्र शेतात धुवायची नाहीत.

पैशांचं: तुमच्यात दोन लहान मुलं आणि दोन वयस्कर, म्हणजे "हवं तेवढं खा" यात तुमचा फायदा नाही. माणूस आवडीने खाल्लं तरी पाव किलोच्या आसपास थांबतो. किलोच्या दराचं शेत घ्या. आधी ठरवून घ्यायच्या गोष्टी: डब्याचं वजन वजा करतात का, डब्याचे वेगळे पैसे आहेत का, किमान किती किलो घ्यावं लागतं, आणि आत खाल्लेल्याचा हिशेब कसा. स्वतः तोडायचा दर रस्त्यावरच्या तयार डब्यापेक्षा जास्त असू शकतो. ते मला रास्त वाटतं, कारण पाहुण्यांच्या हातून कच्ची फळं तुटतात, कळ्या गळतात आणि शेतातलं एक माणूस त्यांच्यामागे अडकून राहतं.

वजनाचा अंदाज यावा म्हणून: मध्यम आकाराची ५० ते ६० फळं म्हणजे एक किलो. तोड्याला दोन दिवस झालेल्या वाफ्यात दोन मोठी माणसं पंधरा-वीस मिनिटांत किलोभर सहज काढतात. चार किलो काढायचे तर मुलांचा उत्साह दीड किलोवर संपेल हे धरून चाला.

मुलांना दाखवण्यासारखं बरंच आहे. एकाच झाडावर पांढरं फूल, हिरवी गाठ, पांढरं फळ, गुलाबी फळ आणि लाल फळ असे सगळे टप्पे एका वेळी असतात. फुलापासून लाल फळापर्यंत साधारण महिना जातो, थंडी जास्त असेल तर आणखी काही दिवस. वाकडंतिकडं, एका बाजूला आखडलेलं फळ दिसलं तर त्यावरचे पिवळे दाणे बघायला सांगा. ते दाणे म्हणजेच वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरी फळं, लाल गर ही फुगलेली बैठक. ज्या दाण्याचं परागीभवन झालं त्याच्याभोवतीच गर फुगतो. मधमाशी ज्या बाजूला पोचली नाही ती बाजू आखडते. म्हणून काही शेतांत मधाच्या पेट्या दिसतील, त्यांच्यापासून मुलांना चार हात लांब ठेवा. (महाबळेश्वर तालुक्यातलंच मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं.)

आणि मधोमध काळं पडलेलं फूल दिसलं तर ते दव गोठल्याने मेलेलं फूल. पाकळ्या चांगल्या दिसतात, पण त्याला फळ धरत नाही. एका कडक पहाटेनंतर तीन-चार आठवड्यांनी तोडा एकदम कमी होतो, त्यामागे हेच असतं.

मुरंबा

घरी आणायचं माझ्याकडे द्या.

तळाशी लगदा होतो त्याची कारणं तीन: थर जास्त, फळ गरम, डबा हवाबंद. दोन किलोचा खोल डबा घेतला की खालचं फळ वरच्या वजनाने आणि घाटातल्या वळणांनी चेपतं. त्याऐवजी उथळ ट्रे किंवा पुठ्ठ्याचं खोकं न्या, आत जुना सुती कपडा किंवा टिश्यू अंथरा, फळं टोपी खाली करून एका थरात, फार तर दोन थरांत मांडा. दोन थरांच्या मध्ये कागद. चार किलोला साधारण चार-पाच ट्रे लागतील. भोकं असलेले पाव किलोचे प्लॅस्टिकचे डबे शेतावर मिळतात, तेही उत्तम, फक्त दाबून भरू नका.

तोडल्यावर लगेच गाडीत टाकू नका. सावलीत, वारा लागेल अशा जागी तास-दीड तास ठेवा, शेतातली ऊब निघून जाऊ दे. गाडीत डिकी नको. मागच्या सीटच्या पायाशी सपाट जागेत ठेवा, एसी चालू. बर्फाचा खोका असेल तर बर्फाच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवा, फळाला बर्फ किंवा त्याचं पाणी लागता कामा नये. तुमच्या दोन रात्री आहेत, त्यामुळे न्यायची फळं शेवटच्या सकाळी तोडणं सगळ्यात चांगलं. ते जमत नसेल तर मधली रात्र हॉटेलच्या फ्रिजमध्ये जागा मिळते का विचारा.

घरी आल्यावर पहिलं काम निवडणं. एक नासलेलं फळ रात्रीत शेजारच्या चारांना लागतं. तीन वाटे करा. टणक आणि अखंड: न धुता, टिश्यू अंथरलेल्या उथळ डब्यात, झाकण सैल, फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा. खायच्या आधीच धुवा. थोडी मऊ पण चांगली: फ्रीझरला. धुऊन पूर्ण कोरडी करा, टोपी काढा, ताटलीत एकमेकांना न चिकटता मांडून रात्रभर गोठवा, मग पिशवीत भरून हवा काढा. सहा महिने चांगली राहतात. वितळल्यावर मऊ होतात, म्हणून मिल्कशेक किंवा जॅमलाच वापरा. चेपलेली पण न नासलेली: त्याच दिवशी जॅम. बुरशीचा ठिपका असलेलं फळ मात्र कापून वापरू नका, टाकून द्या.

जॅमचं प्रमाण: साफ केलेली एक किलो फळं, ७०० ग्रॅम साखर, दोन रसदार लिंबांचा रस. या फळात पेक्टिन (जॅम घट्ट धरायला लावणारा घटक) कमी असतं, म्हणून लिंबू हवंच, आणि ते सुरुवातीलाच घाला. पाव भाग फळं जरा कमी पिकलेली असली तर जॅम चांगला धरतो. फळं आणि साखर एकत्र करून तीन-चार तास झाकून ठेवा, रस सुटेल. मग रुंद, जाड बुडाच्या पातेल्यात मोठ्या आचेवर उकळा, फेस काढत राहा. एका वेळी एक किलोच करा. जास्त घातलं तर पाणी आटायला वेळ लागतो आणि रंग विटकरी होतो. थर्मामीटर वापरत असाल तर पुस्तकातले १०४-१०५ अंश समुद्रसपाटीचे असतात. पुण्यात पाणीच ९८ च्या आसपास उकळतं, त्यामुळे १०२-१०३ ला थांबा. पाचगणीच्या उंचीवर करणार असाल तर १०० च्या आसपास. नाहीतर फ्रीझरमध्ये ठेवलेल्या बशीवर थेंब टाका, मिनिटभराने बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की गॅस बंद.

कोथरूडकर

सगळं टिपून घेतलं. शेवटचं एक: शेतावर फळं लागलेली रोपं कुंडीत विकायला असतात म्हणे. पुण्यात गॅलरीत जगतात का? मुलं मागणार हे नक्की.

गादीवाफा

जगतात, पण जानेवारीत घेतलेलं रोप तुम्हाला फार तर मार्चअखेरपर्यंत फळ देईल. पुण्याचं ऊन चढलं की फुलं थांबतात आणि झाड फळांऐवजी रनर (जमिनीलगत पसरणारे लांब फुटवे) सोडायला लागतं. घ्यायचंच तर फळं कमी आणि कळ्या जास्त असलेलं घ्या, लागलेली फळं दोन दिवसांत संपतील, कळ्या पुढे कामाला येतील. पानांची खालची बाजू बघा. बारीक जाळी किंवा पिवळे ठिपके असतील तर लाल कोळी आहे, ते रोप नको.

आठ इंची कुंडी, तळाला भोक मोकळं, माती-शेणखत-कोकोपीट समान. गड्डा मातीच्या पातळीला राहिला पाहिजे: खाली गाडला तर कुजतो, वर राहिला तर मुळं सुकतात. सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली. पाणी बुडाशी, पानांवर नाही, वरची माती बोटाच्या पेरभर कोरडी झाली की. रनर दिसले की कापा. आणि गॅलरीत मधमाश्या येत नसतील तर फूल उमलल्यावर मऊ ब्रशने मधल्या पिवळ्या भागावर गोल फिरवा, दोन-तीन दिवस रोज एकदा. मुलांना हे काम द्या, त्यांना ते आवडतं आणि फळही सरळ येतं. यंदा जमलं तर पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रोपं घ्या, तेव्हा पूर्ण थंडी हातात मिळते.